गोळ्या

राजाराम बंधाऱ्याखाली जाळं फेकलं
ते तिरकं पडलं.
डावी कड आधी, उजवी मागाहून,
मधल्या फटीतून मासे गेले
आपापल्या कामाला.
बाबा दगडावरून म्हणाले, गोळ्या सारख्या न्हाईत.
एवढंच.
हात थरथरतात म्हणून खिशात होते.

कावळा नाक्यावरून, इसाकभाईंच्या टायरच्या दुकानातून
चाकांची जुनी वजनं आणली, सव्वातीन किलो.
पिशवीचा बंद वाटेतच तुटला.
शेडमागे, उघड्यावर चूल मांडली.
आईकडं आमटीची पळी मागितली.
ही आता भांड्यांत परत यायची न्हाई, म्हणाली,
आणि दांड्याला लाल दोरा बांधून दिली.

पहिली गोळी सुरकुतलेली,
धुणं धुऊन उठल्यावरची बोटं असतात तशी.
दुसरी तीच.
तिसरीला एक गालच नव्हता.
मी जाळ वाढवला.
चौथीच्या सुरकुत्या जिथल्या तिथं.

कुंपणापलीकडून तातोबा मिस्त्री बघत होते,
शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं काढलेले.
शिशाला बोल लावू नगंस, साचा गार हाय.
कोपरा शिशात धर, वीस मोज.
पहिल्या पाच गोळ्या धरायच्याच न्हाईत,
त्या परत भांड्यात.

मी पाच परत टाकल्या. सहावी गुळगुळीत.
मग मला जोर चढला.
पंचविसाव्यापासून गोळ्या पांढुरक्या,
दहिवर पडल्यागत.
आता लई तापलीस, मिस्त्री म्हणाले,
साचा का मी, ते सांगितलं नाही.

गोळीला मिशी फुटली तर
साच्याच्या ओठात कण अडकलाय, मिठाच्या खड्याएवढा.
गोळी पोटात पोकळ निघाली तर
वर थोडं जास्त ओत,
गार होताना ते आत ओढतं,
त्याला प्यायला काहीतरी ठेव.
मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं:
धूर, भपकन जाळ,
राखाडी साय कडेला सरली,
खाली माझं नाक आणि पत्र्याची कड.

पळी धुऊन आणली तेव्हा मात्र त्यांनी
माझं मनगट धरलं. स्वतःचं दाखवलं.
कोपरापर्यंत मसुरीएवढे डाग.
एक थेंब हुता, म्हणाले. एकच.

गल्लीत बातमी गेली होती तोवर:
भोयांची पोरगी घरात गोळ्या पाडते.
संध्याकाळी शिपाई आला, कुंभोजकर.
चूल बघितली, पळी बघितली,
एक गोळी तळहातावर घोळवली,
आरपार भोक बघितलं.
जाळ्याला किती लागतात, म्हणाला,
आणि पोत्यावर बसला.
रविवारी अर्धा किलो वाम घेऊन गेला, पैसे देऊन.

बाबांच्याही गोळ्या आहेत.
सकाळी दोन पांढऱ्या, रात्री एक पिवळी.
चिरेच्या गोळ्या ते दोरीवर दातांनी दाबायचे,
चाळीस वर्षं, दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले म्हणून.
डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दातांनी?
बाबा लाजले,
विडी ओढताना सापडलेल्या पोरासारखे.

मी पक्कड वापरते.
साबणानं कोपरापर्यंत धुते, मगच भाकरी.

गुजरीतून मोडका तराजू मिळाला.
त्याच्यावर एकेक गोळी तोलली,
बाबांनी तळहातावर.
ही हलकी हाय, ते म्हणायचे,
गोळी त्यांच्या हातावर नाचत असायची.
तीनात एकदा बरोबर यायचे.
उरलेल्या दोन वेळा
मी तराजूचं सांगितलं नाही.
हलक्या तेवढ्या गुपचूप भांड्यात.

काल पुन्हा बंधाऱ्याखाली.
जाळं उघडलं, जवळजवळ गोल,
पाण्यावर एकाच वेळी टपटप झाली,
फक्त उजवीकडं, टोकाला,
दोन-तीन उशिरा.
मी बाबांकडं बघितलं.
त्यांनी खिशातून एक हात काढला,
थरथरू दिला.

आता गोळ्या न्हाईत, म्हणाले.
आता मनगट.